जैसलमेरला अक्काकडं जाताय? आकडी घरी ठेवा, खराटा घ्या

निपाणीच्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. त्याची थोरली अक्का जैसलमेरला असते, दाजी फौजेत. दसऱ्याच्या सुट्टीत आई, बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन आठ दिवस तिकडं जायचं ठरलंय. आंबोली, चोर्ला, जांबोटीत पावसाळ्यात बॅटरी घेऊन साप-बेडूक बघत हिंडायची त्याला चांगली सवय आहे. वाळवंट मात्र फोटोतच पाहिलंय. ऑक्टोबरात काही दिसतं का, जीप करून किती लांब जावं, साप उचलायची आकडी न्यावी का, रात्री फिरणं बरं का, आणि घरच्यांची नाराजी न घेता हे जमवायचं कसं, असे त्याचे प्रश्न. सोबत ‘बघायलाच हव्यात’ अशा चौदा जातींची यादीही पाठवलीय.

मी खानापूर तालुक्यातला. घरात, गोठ्यात, उसाच्या फडात निघालेले साप धरून रानात सोडण्यात पंचवीस वर्षं गेली. धाकटी बहीण लग्नानंतर काही वर्षं जैसलमेर-बाडमेर भागात होती, त्यामुळं थरच्या वाळवंटात पाच वेळा जाणं झालं. पाचही वेळा पाहुणा म्हणून. म्हणजे जेवायच्या वेळी घरी हजर, भाचरांना किल्ला दाखवायला हजर, बाजारात पिशव्या धरायला हजर, आणि उरल्या वेळात सरडे. तेव्हा तुमची अडचण मला नवी नाही.

हंगाम चांगला निवडलाय, नकळत का होईना. नोव्हेंबर सरता सरता तिकडं थंडी उतरते आणि सांडा (काटेरी शेपटीचा सरडा), गोह (वाळवंटी घोरपड), बहुतेक साप बिळात जाऊन पडतात ते थेट फेब्रुवारी-मार्चपर्यंत. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना उंट दिसतात, किल्ला दिसतो, आणि सरपटणारं म्हणाल तर हॉटेलच्या भिंतीवरची पाल. मे-जूनमध्ये प्राणी असतात पण माणूस टिकत नाही, शिवाय आंधी उठली की सगळ्या खुणा पुसून जातात. ऑक्टोबरात दुपार चांगली तापते, पहाट गार असते, वारं पडलेलं असतं. मी ज्या कामाविषयी सांगणार आहे त्याला पडलेलं वारंच लागतं.

आता यादीचं. ती निपाणीलाच राहू दे. यादी घेऊन गेलेला माणूस जीप करतो, हे मी स्वतःवरून सांगतो. पहिल्या खेपेला मी तीन दिवस गाडी पळवली. समच्या टेकड्या, खुरीच्या टेकड्या, मधला माळ. सकाळी सगळ्यांचा चहा-नाष्टा उरकून निघायचं, अकराला पोचायचं. तोवर वाळू एवढी तापलेली की पायताण काढवत नव्हतं. तीन दिवसांत उंटाच्या लेंड्या, वेफर्सची पाकिटं आणि एक पळता सरडा एवढंच पदरात पडलं. आपल्याकडच्या जंगलात तयार झालेला डोळा तिथं उपयोगी पडत नाही, हे मला चौथ्या दिवशी कळलं.

कारण साधं आहे. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस, जैसलमेरला २०० च्या आतबाहेर. आपल्याकडं चापडा, म्हणजे झाडावरचा विषारी साप, एकाच फांदीवर चार-चार रात्री बसून राहतो. तुम्ही बॅटरी फिरवत गेलात की कधी ना कधी उजेड त्याच्यावर पडतो. शोधायचं ते पानात, फांदीवर, ओढ्याच्या काठाला. तिथं पान नाही, ओल नाही. दिवसाच्या चोवीस तासांतले बहुतेक तास प्राणी वाळूच्या पोटात किंवा बिळात असतो. वर येतो तो थोडा वेळ, ऊन-गारवा बेताचा असेल तेव्हा. त्या थोड्या वेळात तुम्ही नेमके तिथं असण्याची शक्यता कमी. पण तो वर येऊन कुठून निघाला, कुठं थांबला, काय धरलं, कुठं बुडी मारली, हे सगळं वाळूवर उमटलेलं असतं. आधी ते वाचायचं, मग प्राणी शोधायचा.

हे मला शिकवलं बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. त्यांची सगळी नोकरी सरहद्दीवर गेलेली. तिकडं कुंपणालगतची वाळू ओढून सपाट करतात आणि पहाटे तिच्यावर पाऊल उमटलंय का ते बघत जातात. त्याला ‘खुरा’ बघणं म्हणतात. त्यातल्या मुरलेल्या माणसाला खोजी म्हणतात. माणूस आला की गेला, उलटा चालत गेला का, पाठीवर ओझं होतं का, हे खोजी पावलावरून सांगतो. म्हातारबाबा माझी तीन दिवसांची वणवण ऐकून हसले आणि म्हणाले, अंगणाचा झाडू उचल आणि घराच्या मागं ये.

तर कृती अशी. संध्याकाळी ऊन कललं की एक जागा धरायची. उंच टेकडीचा माथा नको, तो फोटोपुरता. टेकडीची वाळू जिथं संपते आणि कडक जमीन सुरू होते ती कड बघायची. तिथं फोग, खींप, बुई, केर, आक (आपली रुई) यांची झुडपं असतात. दोन झुडपांच्या मधली दोन-तीन हात रुंद, आठ-दहा पावलं लांब पट्टी खराट्यानं हलक्या हातानं झाडून गुळगुळीत करायची. अशा चार पट्ट्या केल्या की झालं काम, घरी जाऊन जेवायचं. पहाटे उजाडताना परत यायचं, शेळ्या-मेंढ्या यायच्या आत. सूर्य तिरका असतो, प्रत्येक बारीक खुणेला सावली असते. खूण बघताना सूर्याकडं तोंड करून बघा. सूर्य पाठीशी घेतलात तर सावली खुणेच्या आड लपते आणि वाळू कोरी वाटते. तिथला सूर्य आपल्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळं बेळगावच्या घड्याळानं उठलात तर अंधारात बसून राहाल.

पहिल्या सकाळी सगळ्यात जास्त दिसतील ती किड्यांची टिंबं. दोन समांतर ओळी, शिवणयंत्राच्या टाक्यासारख्या. तो काळा भुंगा. मग उंदरांच्या जोडपावलांच्या उड्या. यात हरखून जाऊ नका, पण हे ओळखता आलंच पाहिजे, नाहीतर सरड्याचं पाऊल कधी ओळखणार? मधोमध शेपटीची बारीक रेघ आणि दोन्ही बाजूंना बोटांचे लांब ओरखडे दिसले की तो झालरबोट्या सरडा. हे नाव माझं, पुस्तकातलं नव्हे. शास्त्रात अकँथोडॅक्टिलस. त्याच्या पायाच्या बोटांना खवल्यांची झालर असते, त्यामुळं सैल वाळूतही पाय रुतत नाही आणि वाऱ्यासारखा पळतो. झालरबोट्या तुम्हाला रोज दिसेल, मोजायचंही सोडून द्याल.

याच्या पुढची खूण बघून मी पहिल्यांदा खाली बसलोच होतो. वाळूवर एक नागमोडी उसवलेली रेघ. कुणी वाळूच्या आतून बोट फिरवत गेल्यासारखी, पृष्ठभाग किंचित फुगलेला, वळणं अगदी एकसारखी. ती थोडं अंतर जाते आणि अचानक संपते. ती वाळूत पोहणारी सापसुरळी, ओफिओमोरस. पाय नावापुरते, प्रत्येकाला तीन बोटं, खालचा जबडा आत दबलेला म्हणजे वाळू तोंडात जायला नको. चालत नाही, सरपटतही नाही, वाळूच्या कातडीखालून पोहत जाते. रेघ ताजी असेल आणि वारं नसेल तर प्राणी रेघेच्या टोकालाच असतो. दोन्ही ओंजळींनी टोकाखालची वाळू उचलली की हातात चमचमतं काहीतरी वळवळतं, असं लोक करतात. मी तुम्हाला ते करा म्हणणार नाही, कारण त्याच वाळूत बांडी हा विषारी सापही दबून बसतो. टोकाशी दहा मिनिटं गप्प बसा. कितीदा तरी ती स्वतःच पुढं सरकते आणि डोळ्यांदेखत नवी रेघ उमटत जाते. ते बघणं हातात घेण्यापेक्षा कितीतरी बरं.

बांडी म्हणजे आपलं फुरसं, पण थोरलं. कोकणातलं फुरसं वीत-दीड वीत भरलं तरी आपण दचकतो. तिकडची पोटजात दोन फुटांच्या पुढंही जाते. खवल्यावर खवला घासून तोच करवतीचा आवाज, तीच आठाच्या आकड्यासारखी बैठक, तोच तापट स्वभाव. तिची खूण मात्र एकदा पाहिली की विसरत नाही. बाकीच्या सापांची रेघ सलग, लाटेसारखी, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला वाळूचा छोटा ढीग. बांडी सैल वाळूवर आडवी फेक टाकत जाते. त्यामुळं सुट्या सुट्या तिरक्या पट्ट्या उमटतात, एकीला दुसरी जोडलेली नाही, आणि प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला आकडा. अशी खूण झुडपाच्या दिशेनं गेलेली दिसली की त्या झुडपाजवळ खाली वाकायचं नाही. आणि फक्त बुडाशीच बघू नका, बांडी झुडपावर चढूनही बसते, गुडघ्याच्या, कधी मांडीच्या उंचीला. एका सकाळी मी खाली माग काढत होतो आणि ती माझ्या कोपरापासून दोन हातांवर खींपेच्या काड्यांत होती. पंचवीस वर्षांच्या अनुभवाची त्या दिवशी काय किंमत झाली ते मलाच ठाऊक.

इथंच आकडीचं उत्तर देतो. नेऊ नका. पहिलं कारण कायद्याचं: १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं साप-सरडे धरणं, हाताळणं गुन्हा आहे, आणि परराज्यातून आलेला माणूस आकडी-पिशवी घेऊन छावणीच्या आसपास सापडला तर दाजींना नोकरीत तोंड द्यावं लागेल. दुसरं कारण तुमच्या जिवाचं. आपल्या देशात सर्पदंशावर जी लस (प्रतिविष, चावल्यावर द्यायची) बनते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर. त्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सर्प पकडणाऱ्यांच्या, १९७८ मध्ये उभ्या राहिलेल्या, सहकारी संस्थेकडून येतं. म्हणजे लसीतलं फुरसं हे दक्षिणेतलं फुरसं. राजस्थानातल्या बांडीच्या विषापुढं ही लस कमी पडते, असं जोधपूरच्या डॉक्टरांच्या आणि विषाच्या अभ्यासकांच्या कामातून पुढं आलंय. लस घ्यायची नाही असा याचा अर्थ नाही, तीच घ्यायची आणि लवकर घ्यायची. पण इथं खानापुरात ‘फुरसं चावलं तर बघून घेऊ’ अशी जी आपली एक खोटी मिजास असते ती तिकडं नेऊ नका. चावलंच तर बांधाबांधी नाही, चिरणं नाही, हात-पाय हलवायचा नाही, सरळ जिल्हा रुग्णालय. डॉक्टर साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात, गोठतंय का बघतात. जैसलमेरहून जोधपूरचं एम्स पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढं आहे, हे निघायच्या आधी डोक्यात असू द्या.

रात्री फिरू का, याचं उत्तरही यातच आलं. सूर्य बुडाल्यावर तासभर, अक्काच्या वसाहतीच्या आत, दाजींना बरोबर घेऊन, पायात बूट असतील तर ठीक. त्यापलीकडं नको. सरहद्दीच्या जिल्ह्यात रात्री बॅटरी घेऊन माळावर वाकून हिंडणारा अनोळखी माणूस कसा दिसतो याचा विचार करा. गस्तवाल्यांना तुम्ही ‘पाल शोधतोय’ म्हणून सांगणार? एकदा मी सांगितलंय. दोन तास बसवून ठेवलं होतं, चहा मात्र दिला. ड्रोन तर पिशवीतही ठेवू नका. लाँगेवाला-तनोटचा रस्ता पर्यटकांना उघडा असला तरी सरहद्दीलगतच्या इतर गावांना जायला प्रशासनाची परवानगी लागते. ते दाजींना नीट माहीत असणार, त्यांनाच विचारा.

रात्रीचा खरा विषय आहे तो झोपण्याचा. तिकडच्या खेड्यांत एका सापाची फार दहशत आहे, पीवणा. लोक म्हणतात, तो झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास पिऊन जातो, सकाळी माणूस उठतच नाही. दंशाची खूण नाही, सूज नाही. हा साप म्हणजे सिंधी मण्यार. आपल्या मण्यारीचीच चुलत बहीण. श्वास कुणी पीत नाही. मण्यारीचा दात बारीक, चावलेलं दुखत नाही, झोपेत कळतही नाही, आणि विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं. म्हणजे लोकांनी पाहिलेलं बरोबर होतं, कारण तेवढं चुकलं. आपल्याकडंही पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते आणि पहाटे पोटात दुखतंय म्हणून ओवा-सोडा देत बसतात, तसलीच गोष्ट. गावात कुणाकडं मुक्काम पडलाच तर खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, मुलीला मध्ये घ्या. एवढं केलं की पीवण्याची भीती संपली. खाट नसेल तर मुक्काम नको म्हणा, पाहुणचार मोडला तरी चालेल.

आता माझ्या आवडत्या प्राण्याकडं येतो. सांडा. वाळूच्या टेकडीवर तो मिळणार नाही. त्याला सपाट, घट्ट, बारीक खड्यांची जमीन लागते, थोडंफार गवत असलेली. कोपरापर्यंतच्या हाताएवढा अंगापिंडानं थोराड सरडा, शेपटीवर काट्यांची कडी, आणि तोंडावर म्हाताऱ्या शेतकऱ्यासारखा वैतागलेला भाव. हा आपला मुख्यतः शाकाहारी गडी. पाला, फुलं, गवत खातो. पोरवयात किडे-मुंग्याही चालतात. बीळ वस्तीनं असतं, एकाच्या शेजारी दुसऱ्याचं, तोंड आडवं अर्धचंद्रासारखं. रात्री आत जाताना बिळाचं तोंड आतून मातीनं लिंपून घेतो. त्यामुळं सकाळी लवकर गेलात तर नुसती लिंपलेली बिळं दिसतील आणि रिकामी वस्ती म्हणून परत याल. ऊन अंगाला चांगलं लागेपर्यंत, साधारण नऊपर्यंत, थांबा. मग एकेक माती फोडून डोकं बाहेर काढतो. गार अंगाचा सांडा काळपट दिसतो. ऊन खाऊन तापत गेला की रंग उतरून फिका, वाळूसारखा होतो. अर्ध्या तासात डोळ्यांसमोर प्राणी रंग बदलतो, आणि पोरांना दाखवायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

सांडा बघायची रीत एकच. तीस-चाळीस पावलांवर बसायचं, उभं राहायचं नाही, चालायचं नाही. उभ्या माणसाची आकृती त्याला ससाण्यासारखीच धोक्याची, आणि ससाणे खरोखरच त्याच्यावर टपून असतात. तुमची सावली बिळावर पडली की पुढचा पाऊण तास गेला. ज्यांनी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात गळ्याचा निळा पंखा फुलवणारे सरडे बसून बघितलेत त्यांना हे सांगायला नको. (त्या सरड्यांच्या प्रजातीला (इंग्रजीत जीनस) २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी नाव दिलं ते ‘सरडा’ हेच, आपल्या मराठीतलं. मला त्याचा उगाच अभिमान आहे.) बिळ उकरणं, पाणी ओतणं, काठी घालणं हे शिकाऱ्यांचे उद्योग. सांड्याला मारून, त्याची चरबी कढवून तेल विकतात. आपल्याकडच्या जत्रेतही शीशी घेऊन बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. त्या तेलात चरबीखेरीज काही नाही, तरी त्यापायी कित्येक माळ रिकामे झाले. म्हणून एक विनंती: सांड्याची वस्ती सापडली तर फोटो जरूर टाका, जागेचं नाव टाकू नका.

गोहीबद्दल फार सांगत नाही. ती म्हणजे घोरपडच, वाळवंटाची. चिकोडीकडच्या कानडी शेजाऱ्यांची ‘उडा’ तीच गोत. पंजांची मोठी नखं आणि मधून जाड शेपटीची ओढ, अशी खूण दिसली की ती. लोक तिच्या पिल्लाला ‘गोयरा’ म्हणून नागापेक्षा विषारी मानतात आणि दिसलं की ठेचतात. वाद घालू नका, अक्काच्या शेजाऱ्यांशी तर नकोच. फक्त मुलीला खरं काय ते सांगून ठेवा. मांडूळही तिकडं आहे, ‘दोमुँही’ म्हणून. त्याच्यामागं लागलेले काळ्या बाजारातले लोक बेळगाव-कोल्हापुरात जेवढे तेवढेच तिकडं, म्हणून मांडूळ दिसलं तर गावात बोलू नये.

जीप घ्यायचीच असेल तर एक दिवस घ्या, आणि तो दिवस सगळ्या घराचा करा. जैसलमेरहून लाँगेवाला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १९७१ च्या डिसेंबरातली लढाई तिथली. रणगाडे ठेवलेत, दाजी समजावून सांगतील, आईला तनोटमातेचं दर्शन होईल. आणि तुमच्यासाठी त्याच लाँगेवालाच्या नावाचा एक सरडा आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या (झेडएसआय) आर. सी. शर्मांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज त्याचं नाव बुफोनिसेप्स लाउंगवालाएन्सिस. बेडकासारखं बसकं तोंड, अंगठ्याएवढं धड, रंग हुबेहूब वाळूचा. बाकीचे सरडे पळतात, हा थरथरतो. अंग डावी-उजवीकडं इतक्या वेगानं हलवतो की वाळू बाजूला होऊन तो जागच्या जागी बुडतो, वर फक्त डोळे. हा उघड्या, जवळजवळ गवतही नसलेल्या टेकडीवर असतो आणि ऊन चढल्यावर हालचाल करतो. म्हणजे घरच्यांच्या वेळेला पोचूनही हा दिसू शकतो. शोधायला चालू नका. टेकडीच्या उताराला बसा, नजर एका जागी ठेवा, आणि मुलीला शेजारी बसवा. पोरांची नजर जमिनीजवळ असते. माझ्या सात वर्षांच्या भाच्यानं पाच मिनिटांत दोन दाखवले होते. मी त्याच टेकडीवर तासभर त्यांच्या अंगावरून चाललो असेन.

डेझर्ट नॅशनल पार्क, ३१६२ चौरस किलोमीटर, हे नाव तुमच्या यादीत पहिलं आहे. जा, पण सरड्यांसाठी नव्हे. जैसलमेरच्या वनखात्याकडून परवानगी काढून सुदासरीला जावं ते माळढोक बघायला, ज्याला तिकडं गोडावण म्हणतात. परतीला जोधपुरात गाडीला वेळ असेल तर मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्कात दोन तास घालवा. खडकाळ वाळवंटाची झाडं एका जागी नीट बघायला मिळतात आणि बायको-आईलाही चालायला बरं. तालछापर वगैरे या खेपेला सोडा, ते चुरू जिल्ह्यात, फार आडवाटेला पडतं.

घरच्यांची नाराजी हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर वेळापत्रकातच आहे. पहाटे उजाडल्यापासून साडेआठपर्यंत पट्ट्या वाचायच्या, तोवर घर उठून चहा घेत असतं. नऊ-दहाला सांडा, म्हणजे नाष्टा करून मुलीला बरोबर घेऊन जाण्यासारखं. अकरा ते चार वाळवंटही झोपतं आणि घरही झोपतं, तुम्ही बाजार, किल्ला, जेवण जे सांगतील ते करा. संध्याकाळी पट्ट्या झाडायला आईला घेऊन जा. हसू नका. आपल्या बायकांनी आयुष्यभर अंगण सारवून, रांगोळी घालून सपाट जमिनीवरची बारीकशी खोट पकडायला नजर तयार केलेली असते. माझ्या आईनं बांडीची पहिली खूण ओळखली. ‘ही रेघ आज मघाशी नव्हती’ एवढंच म्हणाली. मी तिथून दोनदा गेलो होतो.

बरोबर काय न्यायचं? घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, जाड मोजे आणि जुनी जाड पँट. भुरट नावाचं गवत आहे, त्याचे काटेरी गोंडे मोज्यात असे बसतात की चिमट्यानंच काढावे लागतात, म्हणून चिमटाही न्या. डोक्याला टॉवेल. खुणेशेजारी मापाला ठेवायला एक काड्यापेटी. पाणी तुम्ही नेणार त्याच्या दुप्पट. मुलीच्या पायात सँडल चालणार नाही, निपाणीतच बूट घेऊन दोन आठवडे वापरायला द्या म्हणजे तिथं फोड येणार नाहीत.

आणि जायच्या आधी सराव करून जा. वेदगंगेच्या किंवा दूधगंगेच्या काठाला वाळू असेल तिथं, नाहीतर शेजारच्या बांधकामावर वाळूचा ढीग पडला असेल तिथं, संध्याकाळी पट्टी झाडून ठेवा आणि सकाळी बघा. मांजर, उंदीर, चिचुंद्री, गोम, झुरळ यांची पावलं आधी पाठ करा. सौंदत्ती-गोकाकच्या उघड्या माळावर दोन सकाळी नुसतं बसून सरडे बघा. बेंगळुरू-जोधपूर गाडी बेळगाववरूनच जाते, त्या प्रवासात फोटो चाळत बसायला भरपूर वेळ मिळेल.

आठ दिवसांत यादीतल्या चौदापैकी सहा-सात दिसतील असा माझा अंदाज. खुणा मात्र दहा-बारा जणांच्या वाचाल. खराटा न्यायची गरज नाही, अक्काच्या घरी असतोच. फक्त अंगणातला न्यायच्या आधी तिला विचारा, आणि वाळूत टाकून येऊ नका. मी एकदा तसाच टेकडीपाशी विसरून आलो होतो, ते बहीण अजून काढते.